मेहुण्याच्या ट्रकातली झडप

ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी असणं वेगळं आणि ट्रक दुरुस्त करता येणं वेगळं. मी तिथं रजा-विभागात कारकून आहे. (मी आजवर फक्त लोकांच्या सुट्ट्या दुरुस्त केल्या.) पण सासुरवाडीत हा फरक मी कधी समजावून सांगितला नाही. सांगू तरी काहून?

म्हणून मे महिन्यात मेहुणा अनुपम आमच्याच शहरातल्या घमापुरातून आपला छोटा ट्रक घेऊन दारात आला, तेव्हा मी "दाखव" म्हणालो. तिथंच चुकलं.

"भाऊजी, एसी लावला की गरम हवा येऊन राहिली. आतली झडप तुटली म्हणे. नवीन आणली, पण मेकॅनिकला वेळ नाही. अन् उद्या आईला घेऊन नागपूरला मुलगी पाहायला जायचं आहे!"

ही झडप म्हणजे डॅशबोर्डच्या पोटातलं वीतभर प्लास्टिकचं दार. इकडे वळलं की गार हवा, तिकडे वळलं की गरम.

"किरकोळ काम आहे," मी म्हणालो.

"अहो, तुम्हाला कुकरची शिटी बसवता येत नाही," माझी बायको विनीता म्हणाली. (सख्ख्या भावासमोर!)

दुपारभर मी डॅशबोर्डखाली उताणा होतो. बाहेर नुसते पाय. गल्लीतल्या कोणीतरी ते हलवून विचारलं, "भैया, ज़िंदा हो?" शेवटी केसाएवढा तडा गेलेली ती झडप निघाली. मी जुनी आणि नवी, दोन्ही लख्ख पुसून शेजारी शेजारी ठेवल्या, चहा प्यालो आणि त्यातली एक बसवली. एसी लावला. गारेगार! अनुपम पाया पडला. "खिडक्या मात्र उघडू नका, थंडी बाहेर जाते," असा तज्ज्ञ सल्लाही मी देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या वाटेवरच्या तिलवाऱ्याहून अनुपमचा फोन.

"भाऊजी, गाडी एका खड्ड्यात आदळली अन् एकदम गरम हवा सुरू झाली!"

"नवीन पार्ट आहे, सेट होऊन राहिला. खिडक्या बंदच ठेव."

फोन ठेवतो तोच विनीता काहीतरी हातात घेऊन आली. "हे काय आहे?"

"जुनी झडप."

"मग जुन्या झडपेवर नवं स्टिकर कसं?"

मला दरदरून घाम फुटला. लगेच फोन लावला, पण पुढे घाटात रेंज नव्हती.

माझ्या सासूबाई बेबीताई आणि मेहुणा असे दोघं बंद काचांत शिजत नागपूरला पोचले. मुलीनं, गीतांजलीनं, दार उघडलं आणि नवऱ्या मुलाला पहिलं वाक्य ऐकवलं, "आधी आंघोळ करून घ्या."

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. मी उभा राहून घेतला.

"जवाईबापू, लग्न जमलं!"

"अं? जमलं?"

"मुलीची आई म्हणते, भाऊजींनी सांगितलं म्हणून जो पोरगा इतक्या उन्हात काच खाली करत नाही, तो बायकोचं नक्की ऐकेल."

"म्हणजे माझ्यामुळेच जमलं म्हणा की!" माझी छाती फुगली. "मग लग्नात माझ्याकडे कोणतं काम?"

मग सासूबाई अतिशय अदबीनं म्हणाल्या, "तुम्ही खुर्चीवर बसा. हात मांडीवर ठेवा. अन् ते तिथंच आहेत का, ते विनीता पाहत राहील."