शेळीविरहित चराई

डोंगराच्या उतारावर एक निळं फुलपाखरू राहत असे. त्याची अळी तिथल्या एकाच बुटक्या झुडपाची पानं खाई. दुसरं पान पुढे केलं तर उपाशी मरे, पण तोंड लावत नसे. इतकं कडक व्रत पाळणाऱ्या जीवाचं रक्षण व्हायलाच हवं, असं संवर्धन खात्यानं ठरवलं आणि उतारावर एक अधिकारी नेमला.

अधिकाऱ्यानं आल्या आल्या कुंपण घातलं आणि सख्ख्या मावशीच्या शेळ्या बाहेर काढल्या.

"अरे, यांच्याच दुधावर वाढलास तू," मावशी म्हणाली.

"मावशी, नातं घरी. इथे तू अतिक्रमण आहेस."

"बरं झालं सांगितलंस. मी आजवर स्वतःला माणूस समजत होते."

चारा तुटला, तशा मावशीनं एकेक करून शेळ्या विकल्या. इकडे चरायला कुणी नाही म्हटल्यावर गवत कमरेएवढं माजलं. बुटकी झुडपं त्याखाली गुदमरली आणि अळ्या व्रत न मोडता प्राण सोडू लागल्या. तेव्हा कुठे अधिकाऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. देव बुद्धी सगळ्यांनाच देतो; वेळेवर द्यायचं बंधन त्याच्यावर नाही. तो धावत साहेबांकडे गेला.

"साहेब, शेळ्याच गवत आटोक्यात ठेवत होत्या. परत आणू या."

"शेळीला आपण शत्रू जाहीर केलंय. आता तिला मानानं बोलावलं, तर कुंपणाची फीत कापलेल्या मंत्र्यांनी तोंड कुठे लपवायचं? चराई चालेल. शेळी नको."

म्हणून शेळीविरहित चराई सुरू झाली. कचेरीतले कारकून कात्र्या घेऊन उतारावर रांगू लागले. त्यांनी गवत आणि झुडूप यांत कसलाही भेदभाव केला नाही. दोन कारकुनांच्या कंबरा धरल्या. बाकीचे डोक्यावर सावली मागू लागले.

"अनुभवी माणूस आणा," साहेबांनी फर्मावलं. अधिकारी मान खाली घालून मावशीच्या दारात उभा राहिला.

"शेळ्या गेल्या बाबा. आता काय मी चरू?"

त्यानं हे उत्तर जसंच्या तसं साहेबांना कळवलं. साहेबांनी गंभीरपणे विचारलं, "त्या तयार आहेत का?"

आता उतारावर फुलपाखरू नाही. त्याच्या जागी खात्यानं सिमेंटचं उभारलंय. खऱ्याहून निळं, आणि खायला काही मागत नाही. उद्घाटनाला तुम्हीही होतात की. पंखाखाली लेकराला उभं केलंत, म्हणालात, "बघ बाळा, किती छान जपलंय." मावशी फोटोत येत होती. तिला तुम्ही फार नम्रपणे बाजूला व्हायला सांगितलंत.