लाभार्थ्याचा अनधिकृत हात

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या घरी विजेवर चालणारी तीनचाकी सायकल आली. खोक्यावर ‘पंच्याण्णव टक्के जोडलेली’ असं छापलं होतं. उरलेल्या पाच टक्क्यांत तिन्ही चाकं, हँडल, सीट, बॅटरी आणि ब्रेक एवढंच येत होतं.

सायकल अप्पांसाठी होती. अप्पा म्हणजे माझे वडील. वय एकाहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. त्यांचे जन्माचे दोस्त टर्नरकाका चार गल्ल्या पलीकडे राहायचे आणि शुक्रवारी ते कायमचे मुलीकडे, दूरच्या गावी जाणार होते. त्याआधी एकदा त्यांच्या घरी जाऊन निवांत बसायचं, एवढंच अप्पांना हवं होतं. कुणी हात धरला तर चालत वीस मिनिटं. पण हात धरणं म्हणजे परावलंबन, आणि आमचं घर ज्येष्ठांच्या स्वावलंबनाच्या बाजूचं आहे. शिवाय मला वेळ नव्हता. सायकल जोडण्यासाठी मी मंगळवारपासून चार दिवसांची रजा टाकली होती.

कंपनीचं धोरण ‘सहभागी जोडणी’ असं होतं. फोनवर अ‍ॅप उतरवलं की ग्राहकाची ‘गृह-जोडणी अधिकारी’ म्हणून नेमणूक व्हायची. पगार नाही, पण ओळखपत्र होतं. मी ते गळ्यात अडकवलं. एकूण टप्पे नऊ. प्रत्येक टप्प्याचा फोटो पाठवायचा, कंपनीने पडताळणी केली की पुढचा टप्पा उघडणार. पासष्टीच्या पुढची व्यक्ती ही ‘लाभार्थी’, आणि लाभार्थ्याने जोडणी पूर्ण होईपर्यंत वाहनापासून तीन मीटर दूर राहायचं. आमची बैठकीची खोलीच साडेतीन मीटरची. अप्पांची खुर्ची स्वयंपाकघरात गेली.

“आता मी ओट्यापाशी उभी कुठे राहू?” बायकोने विचारलं. हा प्रश्न पुस्तिकेत नव्हता, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

इथे सांगायला हवं, की अप्पांनी अडतीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून काढली आहेत; टर्नरकाका तिथेच लेथवर टर्नर होते. मंगळवारी दुपारी ते दारातून म्हणाले,

“अरे, नट तिरका चढवतोयस. आटे जातील.”

“अप्पा, तीन मीटर.”

“तो पाना इकडे दे. तासाभरात उभी करतो.”

“तुम्ही लाभार्थी आहात.”

“मी फिटर आहे, गाढवा.”

बुधवारी तिसरा टप्पा उघडण्याआधी मला नव्वद मिनिटांचा सक्तीचा प्रशिक्षण-वर्ग होता. तो मी आतल्या खोलीत, कानात इअरफोन घालून, वही घेऊन पूर्ण केला. बाहेर येतो तो सायकल तीन चाकांवर उभी. अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि हँडल धरून ते घंटी वाजवून पाहत होते.

“निघू?” ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तरीही नियम म्हणून मी आधी फोटो पाठवला.

चार मिनिटांत उत्तर आलं: ‘हँडलवर सुरकुतलेला हात आढळला. लाभार्थ्याचा अनधिकृत हात. जोडणी रद्द. वाहन मूळ स्थितीत आणून पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करावी, अन्यथा हमी संपुष्टात येईल.’

मी मदत केंद्राला फोन लावला.

“मॅडम, पण सायकल चालतेय.”

“सर, चालणं हा नववा टप्पा आहे. तुम्ही तिसऱ्यावर आहात.”

“मग करू काय?”

“खोला, सर. तुमच्या वडिलांच्या सुरक्षिततेसाठीच सांगतेय.”

मी खोलली. अप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून एकेक नट निघताना बघत होते. शेवटी म्हणाले, “राहू दे रे ती. मला नुसतं पोचवून ये. परवा शुक्रवार.”

“अप्पा, चार दिवस कळ काढा. मग हवं तिथे जाल, कुणाच्या विनवण्या कराव्या लागणार नाहीत.” मला खरंच राग आला होता. ज्याच्यासाठी रजा घालवायची, त्यालाच कदर नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सातव्या टप्प्यावर असताना खाली गाडीचा हॉर्न वाजला. टर्नरकाका स्टेशनला जाता जाता आमच्या दारात थांबले होते. त्यांना जिना चढवत नव्हता, अप्पांना एकट्याने उतरवत नव्हता, बायको कामावरून यायची होती. माझ्या चिमट्यात ब्रेकची ताणलेली तार होती. सोडली असती तर टप्पा रद्द झाला असता. मी म्हटलं, “एकच मिनिट.” गाडीवाला एवढा थांबला नाही. अप्पांनी खिडकीतून हात हलवला आणि गाडी वळेपर्यंत हलवत राहिले.

शनिवारी नववा टप्पा मंजूर झाला, प्रमाणपत्र आलं. शेजाऱ्याच्या मदतीने आधी सायकल आणि मग अप्पांना खाली नेलं. सीटवर बसवून फोटो काढला.

“बोला अप्पा, कुठे जायचं?”

त्यांनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. “घरी,” ते म्हणाले.

त्याच दुपारी मी कंपनीच्या पानावर पाच तारे दिले, तो फोटो लावला आणि लिहिलं: ‘वडील पूर्ण स्वावलंबी झाले. आता ते माझ्याकडे काहीच मागत नाहीत.’ शब्द न् शब्द खरा आहे. आजवर चौदाशे बारा जणांनी हा अभिप्राय उपयुक्त ठरवला, आणि फोटोखाली ‘किती गोड आजोबा’ असं लिहून तुम्हीही मागणी नोंदवलीत. उत्तम केलंत. खोकं येईलच. तुमच्या घरच्या आजोबांना नेमकं कुठे जायचं होतं, ते विचारलं होतंत ना?