खोक्यातले आजोबा

हॉलच्या कोपऱ्यात मुलांना पुस्तकं बघत बसायला एक उबदार जागा करायची, एवढंच मावशीचं म्हणणं होतं. दोन उशा, एक पडदा, चार पुस्तकं. घरातल्या पाळणाघराला आणखी काय लागतं? पण हे तिने नवऱ्यासमोर बोलायला नको होतं. मुलं ज्यांना आजोबा म्हणत ते हे गृहस्थ काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात जन्मभर लाकडी खोकी ठोकून नुकतेच रिटायर झाले होते आणि त्यांचे हात शिवशिवत होते.

"उशा काय टाकतेस? मी करतो ना," ते म्हणाले. "असं करतो की भूकंप झाला तरी आतल्या पोराला धक्का लागणार नाही."

मावशीला भूकंपाची काळजी नव्हती. तिला काळजी होती ती बूटवालीची. ही साडेतीन वर्षांची मुलगी आल्या दिवसापासून दाराजवळच्या स्टुलावर बसून राहायची. पाठीवर दप्तर, पायात बूट, नजर दारावर. घरी म्हणे तोंडाचा पट्टा थांबत नाही, पण इथे एक अक्षर नाही. मावशी रोज तिच्यासमोर उकिडवी बसून तेच तेच सांगायची: रडायचं नाही, आई येते, सगळे घरी जातात. समोरून हूं नाही की चूं नाही. तिची आई दवाखान्यात नर्स होती. आज सकाळी लेकीला सोडताना तीच रडवेली झाली. "मावशी, आजचा दिवस बघते. नाहीच रमली तर राजीनामा देऊन टाकते. हिला असं बसलेलं बघवत नाही मला."

म्हणून तो कोपरा आजच व्हायला हवा होता. स्टुलावरून उठून आत जावंसं वाटेल, असा.

आजोबांनी कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये झकास लाकडी खोली उभी केली. आत जायच्या दाराचं माप त्यांनी पैलवानावरून घेतलं. पैलवान म्हणजे पाळणाघरातला सर्वांत गुटगुटीत मुलगा. तो मावला म्हणजे सगळी मावली. शेवटी राहिली समोरची मोठी फळी. स्क्रूची डोकी बाहेर राहिली तर पळताना पोरांना खरचटेल, म्हणून त्यांनी ती आतून बसवली. आत काय, उशा लावल्या की झाकलंच जाणार होतं. शेवटचा स्क्रू पिळला, उशा मांडल्या, समाधानाने मान डोलावली आणि मग दाराकडे बघितलं.

कारखान्यात कसं, माल आत असायचा आणि आजोबा बाहेर.

"अगं," आतून आवाज आला. "जरा येतेस का?"

मावशी आली. दारातून आजोबांचं डोकं आणि एक हात बाहेर आला होता. बाकीचे आजोबा आतच होते.

"अहो, हे काय?"

"काही नाही. फळी काढली की झालं. स्क्रूड्रायव्हर दे तेवढा. मघाशी मी बाहेर ठेवला."

स्क्रूड्रायव्हर बाहेर नव्हता. आजोबा म्हणाले, पोरांनीच उचलला असणार. पोरांना तेवढंच हवं होतं. सगळं घर उलटंपालटं करून त्यांनी डाव, कंगवा, दात घासायचा ब्रश आणि बाहुलीचा एक पाय आणून दिला. पैलवानाने आजोबांचा हात धरून ओढून पाहिलं. त्याच्यामागे सगळी मुलं एकमेकांच्या कमरेला धरून उभी राहिली आणि जोर लावल्यावर सगळीच धपाधप मागे पडली. मावशीने आजोबांच्या खांद्यांना तेल चोळलं. आजोबा चकचकीत झाले, पण जागचे हलले नाहीत.

धडधड ऐकून वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हिंग मास्तर खाली आले. लोकांना गाडी शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी उभ्या उभ्या सूत्रं हातात घेतली.

"काका, घाबरू नका. डोकं सरळ. आता डावा खांदा हळूच पुढे घ्या. हळू! थोडं रिव्हर्स... अजून... बस, बस! घासतंय!"

"घासतंय काय, सोलून निघालोय मी!" आजोबा ओरडले.

"मग कापावं लागेल," मास्तर म्हणाले आणि करवत आणायला वर गेले.

"कापायचं?" मावशी दचकली. कोपरा गेला, म्हणजे बूटवालीही गेली. तिने स्टुलाकडे पाहिलं. पोर तशीच बसली होती. फक्त आज नजर दारावर नव्हती, खोक्यावर होती.

मुलांना मात्र आजोबांची खरी दया आली होती. कुणी अर्धं खाल्लेलं बिस्किट आत दिलं, कुणी पाण्याची बाटली, कुणी आपलं लाडकं पांघरूण. पैलवान बाथरूममध्ये जाऊन लहान मुलांचं पॉट घेऊन आला. "आजोबा, शू लागली तर?"

इतका वेळ आजोबांनी धीर धरला होता. पण ते पॉट समोर आलं आणि त्यांचा बांध फुटला. "अगं, मला बाहेर यायचंय गं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चक्क कापला.

तेव्हा बूटवाली स्टुलावरून उतरली. तिने दप्तर काढलं. खाली बसून एक बूट काढला, मग दुसरा, आणि दोन्ही जोडीने स्टुलाखाली ठेवले. पोर गुडघ्यांवर रांगत दारापाशी गेली, आजोबांचं डोकं आत ढकललं आणि मागोमाग स्वतः आत शिरली.

"रडायचं नाही," आतून एक नवाच, खणखणीत आवाज आला. "सगळे घरी जातात."

मावशीने तोंडावर हात ठेवला. आपलेच शब्द! भिंतीशी बोलतोय असं वाटायचं आणि हिने एकूणएक साठवून ठेवले होते!

"तुमची आई कधी येते?" आतला आवाज विचारत होता.

"ती फार लांब असते गं," आजोबा म्हणाले.

"मग माझी आई आली की आमच्याबरोबर चला. आता गोष्ट वाचते. हलायचं नाही." पानं फडफडली. "एक होता हत्ती. त्याला दार लहान झालं. मग तो रडला. मग त्याने बूट काढले. मग खाऊ खाल्ला, मग झोपला. मग त्याची आई आली. संपलं. आता परत पहिल्यापासून."

ड्रायव्हिंग मास्तर करवत घेऊन धावत आले, तर मावशीने दोन्ही हात पसरून त्यांना अडवलं. "थांबा हो! एवढी गोष्ट होऊ दे." मास्तर करवत मांडीवर घेऊन मुलांच्या रांगेत बसले. तिसऱ्यांदा हत्ती रडला तेव्हा त्यांनाच भरून आलं.

संध्याकाळी नर्सबाई दारात आल्या. स्टूल रिकामं, खाली नुसतेच बूट, समोर करवत घेतलेला माणूस. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मावशी! कुठंय ती?"

मावशीने ओठांवर बोट ठेवून खोक्याकडे दाखवलं.

"...मग तो झोपला. आजोबा, तुम्ही डोळे मिटा ना!"

"ही... इथे बोलतेय?"

"मघापासून. आमच्या ह्यांना तोंड उघडू देत नाहीये."

नर्सबाई त्याच स्टुलावर बसल्या आणि मनसोक्त रडल्या. राजीनाम्याचं नावही निघालं नाही.

लेक रांगत बाहेर आली ती फर्मान घेऊनच. "आई, आजोबांना आपल्याकडे न्यायचं. त्यांची आई लांब असते." बरीच समजूत घातल्यावर आजोबांनी इथेच राहावं असं ठरलं. बूट घालून निघताना ती पुन्हा दाराशी वाकली. "रडायचं नाही हं. मी उद्या येतेच."

सगळी मुलं गेली. मास्तरांनी करवत उचलली.

"ती ठेवा बाजूला," आतून आजोबा म्हणाले. कुरकुर आवाज झाला, समोरची फळी अलगद निघाली आणि आजोबा हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर आले. "उशीखाली होता. मीच त्यावर बसलो होतो."

मावशी बघतच राहिली. "कधी सापडला?"

"दुसऱ्यांदा हत्ती झोपला तेव्हा."

"अहो, मग बाहेर का नाही आलात?"

"असा कसा येणार? तिची आई यायची होती ना अजून."

मावशीने ओल्या फडक्याने त्यांच्या खांद्यांवरचं तेल पुसलं, जरा जास्तच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिली बेल वाजायच्या आत, आजोबा पुन्हा आत जाऊन बसले आणि आतून फळी लावायला लागले. मावशीने त्यांना चहाचा कप दारातून आत दिला आणि वाकून म्हणाली, "रडायचं नाही हं. येईलच ती एवढ्यात."