मास्तरांना बोलतं ठेवा

पेशंटला बोलतं ठेवायचं काम ज्या बाईंचं, नेमका त्यांचाच त्या सकाळी घसा बसला. त्यांनी हातवारे करून ते कसंबसं सांगितलं, तेव्हा ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलीकडे वळल्या.

मुलगी मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होती. हवा तो विभाग निवडून तिथे काही आठवडे काम शिकायची मुभा कॉलेजने दिली होती. मैत्रिणींनी डोळे, त्वचा असे निवांत विभाग घेतले. हिने घेतली मेंदूची शस्त्रक्रिया. ऐकल्यावर आई म्हणाली होती, "अगं, तुला एका जागी बसून जेवता येत नाही, आणि मेंदू?"

"तुला बोलता येतं ना नीट?" मोठ्या मॅडमनी विचारलं. त्या विभागप्रमुख.

"हो मॅडम. म्हणजे... बहुतेक."

"मग बस पेशंटसमोर."

काम ऐकायला सोपं होतं. पेशंटची गाठ मेंदूच्या बोलण्याच्या जागेला अगदी खेटून होती, म्हणून त्याला मुद्दाम जागं ठेवलं होतं. मॅडम मेंदूला ठिकठिकाणी हलका करंट लावणार. पडद्याच्या अलीकडे मुलीने चित्रं दाखवायची आणि पेशंटने नावं सांगायची. तो जिथे अडखळेल, ती जागा सोडून द्यायची. अडखळला की लगेच सांगायचं.

"नमस्कार काका," मुलगी म्हणाली.

"काका नाही, मास्तर. गाडी शिकवतो मी," डोकं चौकटीत घट्ट बसवलेला माणूस म्हणाला. "आणि आधी तो पाय हलवायचा थांबवा. गाडी थरथरतेय."

"टेबल कोण हलवतंय?" पडद्यामागून मॅडमचा आवाज आला.

मुलीने पाय खुर्चीखाली दुमडला. मग ती चुळबुळ जी पायातून निघाली, ती हातात शिरली. चित्रांचा गठ्ठा तिने पिसला, सारखा केला, पुन्हा पिसला आणि शेवटी खाली पाडला. घाईघाईने गोळा करून तिने पहिलं चित्र मास्तरांसमोर धरलं.

"घंटा," मास्तर म्हणाले.

चित्रात कप होता. "मॅडम, थांबा! कपाला घंटा म्हणाले!"

भूल देणारे डॉक्टर वाकले, त्यांनी चित्र पाहिलं आणि मुलीच्या हातून घेऊन सरळ केलं.

"आता कप," मास्तर म्हणाले. "मघाशी घंटाच होती."

"हे बघ," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, त्यामुळे जास्तच भीती वाटली. "यापुढे खात्री झाल्याशिवाय ओरडू नकोस."

मुलीने पुढची चित्रं नीट सरळ करून धरली. मासा, छत्री, किल्ली. मास्तर भराभर सांगत होते, मधूनच "घाई करू नका, समोर बघा" असंही बजावत होते. मग शिडीचं चित्र आलं आणि मास्तर गप्प झाले.

मुलीने चित्र पाहिलं. सरळ होतं. वैतागले असतील का? की आठवताहेत? खात्री कशी करायची, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मास्तरांचे ओठ हलले, आवाज काही फुटला नाही. मग तिने त्यांचे डोळे पाहिले. इतका वेळ तिलाच दटावणारा तो माणूस घाबरला होता.

"मॅडम, थांबा!"

"खात्री आहे?"

"नाही! पण थांबा!"

मॅडमनी हात उचलला.

"...शिडी," मास्तर म्हणाले. "ओठांवर होतं हो. निघेचना."

त्यांनी चाचपडत मुलीचा हात पकडला. पडद्यामागे मॅडमनी त्या जागेवर खुणेची चिठ्ठी ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "ही जागा सोडायची. चालू दे तुमचं."

त्यानंतर मास्तर थांबलेच नाहीत. चित्रं संपली तरी ते चढावर गाडी कशी थांबवायची ते शिकवत राहिले आणि मुलगी मान डोलवत राहिली. मधूनमधून सिस्टर बाहेर जाऊन त्यांच्या बायकोला धीर देऊन येत होती.

संध्याकाळी वॉर्डात बायकोला आत सोडलं. चेहरा ओढलेला, हातात रुमालाचा बोळा. मॅडम म्हणाल्या, "मास्तर, कोण आलंय बघा. बोला काहीतरी."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं.

"हं," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

"मॅडम!" मुलगी किंचाळली. "शब्द गेले!"

बायको मात्र मटकन स्टुलावर बसली आणि रुमालात तोंड खुपसून रडायला लागली. "ओरडू नका हो डॉक्टर," ती हुंदके देत म्हणाली. "लग्न झाल्यापासून घरी एवढंच बोलतात. सिस्टर सकाळपासून सांगत होत्या, खूप बोलताहेत, छान बोलताहेत... माझा तर जीवच गेला होता."