गोरेगाव स्टँडवरील मंदी : कारणे आणि उपाययोजना

तेजी-मंदीची कारणं नेहमी परदेशात असतात. हे मोठ्या अभ्यासकांचं मत आहे आणि सेनगाव तालुक्यातल्या गोरेगाव स्टँडसमोरच्या माझ्या चहाच्या हॉटेलापुरतं मी ते तपासून पाहिलं आहे.

माघात माझी बायको कौशल्या वारली. हॉटेल आम्ही दोघांनी सव्वीस वर्षं चालवलं. (चहा ती करायची. मी मालक होतो.) तेरवी झाल्यावर मी हॉटेल उघडलं आणि तेजी आली. रोज दीडशे कप जायचे, ते अडीचशेवर गेले. सेनगाव, पुसेगावहून जीप भरून माणसं आली. बसायची, 'लई वाईट झालं' म्हणायची, चहा प्यायची, नको म्हटलं तरी पैसे ठेवून जायची. भेटीला आलेल्या माणसांना मी वाढती मागणी समजलो आणि चार बाकडी नवी करून घेतली. अर्थशास्त्रात याला अतिउत्साही गुंतवणूक म्हणतात. (सुतारानं काही नाव दिलं नाही. बाकडी करून दिली.)

चैत्रात खप नव्वदवर आला, वैशाखात चाळीसवर. मी तातडीने समिती नेमली. मी अध्यक्ष. सदस्य दोन : शेजारचा पानटपरीवाला संतराम, आणि बँकेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेला रामकिशन. व्याजदर जवळून पाहिलेला स्टँडवर तो एकटाच.

"मंदी काहून आली असंल?" मी विचारलं.

"लढाई चालू हाय ना तिकडं," संतराम म्हणाला.

"अन् सोयाबीनला भाव कुठंय?" रामकिशन म्हणाला.

"चहाचं काही?"

रामकिशन चपला शोधू लागला.

"चहाला काय झालंय? चहा बराबर हाय," संतराम म्हणाला.

समोर देवलाबाईच्या हॉटेलात मात्र उभं राहायला जागा नसायची. समितीने ते अपवाद म्हणून आकडेवारीतून वगळलं. (बैठक संपली की दोन्ही सदस्य त्या अपवादात जाऊन बसत.)

मग उपाय सुरू केले. आधी दरकपात : दहाचा कप सातला. नवं कोणी आलं नाही, येणारेच स्वस्तात प्यायले. मग प्रोत्साहन योजना : कपासोबत बिस्कीट फुकट. लोक बिस्कीट घेऊन 'चहा राहू द्या' म्हणू लागले. शेवटी बाजाराचा विश्वास वाढवण्यासाठी पाटी लावली : 'परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात आहे.' ज्यांना शंका नव्हती त्यांनाही आली. खप अकरा कप.

तो चहा मीही पीत होतो. बेचव लागायचा. पण तेव्हा मला सगळंच बेचव लागायचं, त्यामुळे हा पुरावा समितीने ग्राह्य धरला नाही.

आषाढात नामाजी आला. दिवाळीपासून मेंढरं घेऊन तो वऱ्हाडात होता. बाकड्यावर बसला, एक घोट घेतला आणि थुंकला.

"शिवहार, हे काय पाजून राहिलास गड्या? मेंढरू बी तोंड लावणार न्हाई. वहिनी कुठंय? हाक मार तिला."

संतराम टपरीतून धावत आला आणि त्याच्या कानाला लागला. नामाजीनं कप जवळ ओढला. मग तो उचलून तळापर्यंत प्याला.

"चांगला झालाय," तो म्हणाला. "बराबर झालाय."

"अन् मघाशी?"

"मघाशी मला म्हाईत नव्हतं ना, बाबा."

अशा रीतीने मंदीचं कारण सापडलं. साऱ्या तालुक्याला ते पाच महिने ठाऊक होतं. सांगायला फक्त खबर न लागलेला माणूस हवा होता, आणि तसा शेवटचा माणूस समितीने हातचा घालवला. आता मी आलं जास्त घालतो, दूध जास्त आटवतो. चहा सुधारला की नाही, कळायला मार्ग नाही. सगळे बराबर म्हणतात.

हे लिखाण कसं झालंय, ते तुम्हाला विचारणार होतो. पण कौशल्या गेल्याचं मी तुम्हालाही सांगून बसलोय.