भुकेल्या उंदरांचे उद्घाटन

गंगाखेड तालुक्यातील एका महाविद्यालयात (नाव सांगत नाही, त्यांचे अनुदान यायचे आहे) प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची निकिता उंदरांवर संशोधन करीत होती. भुकेला उंदीर अन्नाची वाट किती लवकर शोधतो, एवढाच तिचा प्रश्न. त्यासाठी पांढरे उंदीर रात्रभर उपाशी ठेवायचे, सकाळी पुठ्ठ्याच्या भूलभुलैयात सोडायचे आणि वेळ मोजायची. सोडायला फार उशीर झाला तर उंदीर गळून जातात, प्रकल्प बाद होतो आणि मुलीचे वर्ष जाते.

परंतु उद्घाटनाशिवाय प्रयोग सुरू करणे नियमात बसत नव्हते. कोणत्या नियमात, हे प्राचार्यांना विचारण्याची पद्धत नाही. भूलभुलैया सभागृहात व्यासपीठावर मांडला गेला, त्याच्या दाराला लाल फीत बांधली गेली आणि ती कापायला संस्थेचे अध्यक्ष माणिकराव यांना बोलावण्यात आले. गर्दी दिसावी म्हणून सगळे वर्ग सकाळीच आणून बसवले. जेवण भाषणानंतर होते आणि हजेरी जेवणानंतर.

सकाळ सरली. माणिकराव ताडकळसला दुसऱ्या उद्घाटनात अडकले होते. फोन केला की "निघालेत" असे उत्तर यायचे. आमच्या जिल्ह्यात याचा अर्थ अंघोळीचे पाणी तापत ठेवले आहे, असा होतो.

निकिता मार्गदर्शक बन्सीधर सरांकडे धावली. "सर, उंदरं निपचित पडायलेत. एक तर डोळेच उघडंना. दोन दाणे तरी टाकू का?"

"येडी का तू? पत्रिकेत 'भुकेल्या उंदरांवरील प्रयोग' छापलंय. साहेबांनी काय पोट भरलेल्या उंदरांचं उद्घाटन करायचं?"

"मरतील ना, सर!"

सर विरघळले. त्यांनी प्राणी नीतिमत्ता समितीची तातडीची बैठक बोलावली. समितीने चहा-बिस्किटे घेऊन ठराव केला: 'ज्याअर्थी पत्रिकेत भुकेले हा शब्द छापून झाला आहे, त्याअर्थी उंदरांनी कार्यक्रम संपेपर्यंत भुकेले राहणे संस्थेच्या हिताचे आहे.' निकिताला रडू आले. त्याची इतिवृत्तात नोंद नाही.

भर दुपारी माणिकराव आले. उंदरांना फितीमागे ठेवण्यात आले. शाल झाली, श्रीफळ झाले, परिचयाचा परिचय झाला. पडद्यामागून बुंदीचा वास येत होता आणि माणिकराव भुकेवर बोलत होते. "भूक माणसाला घडवती. आमीबी लय भूक काढली," असे सांगून त्यांनी ढेकर दिला. ताडकळसला जेवण चांगले होते.

भाषण रंगात आले तेव्हा, ज्याचे डोळे उघडत नव्हते तोच उंदीर आधी उठला. त्याने फितीकडे पाहिलेसुद्धा नाही. सरळ पुठ्ठ्याची भिंत कुरतडली, भोक पाडले आणि टेबलावरच्या चादरीला धरून खाली उतरला. त्याच्या मागे बाकीचे. क्षणात सगळी जमात पडद्याआड बुंदीत होती. निकिताला इतका आनंद झाला की ती वेळ मोजायची विसरलीच.

"प्रयोग बोंबलला!" बन्सीधर सर दातओठ खात पुटपुटले.

"न्हाई सर, झाला. भुकेला उंदीर वाट शोधतो."

"शहाणी हायेस! तुलनेला दुसरा गट लागतो. तो कुठाय?"

निकिताने सभागृहाकडे बोट दाखवले. तिथेही सकाळपासून उपास, तोच बुंदीचा वास, आणि दाराला कडीसुद्धा नव्हती, फक्त एक खुर्ची आडवी लावलेली. एकही जागचा हलला नव्हता.

कार्यक्रम मात्र ठरल्याप्रमाणेच पार पडला. माणिकरावांनी रिकाम्या भूलभुलैयाची फीत कापली. टाळ्या कडकडल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. जरा नीट बघा. तिसऱ्या रांगेत, मांडीवर पिशवी ठेवून, सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवणारे ते तुम्हीच ना?