दातांच्या दवाखान्यात गुणगुणतंय कोण?

"गुप्तहेर दोन प्रकारचे. एक, ज्यांना पुरावा लागतो. आणि दुसरा मी."

प्रत्येक अशिलाला दाजी आपली ओळख अशी करून देतात. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मी त्यांचा साहाय्यक. पगार नाही, पण दोन वेळचं जेवण ताईच्या हातचं असल्यामुळे तक्रारही नाही.

या वेळचे अशील दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्यात फक्त जॅझ वाजतं, तेही जुन्या, नावाजलेल्या तबकड्यांवरचं. "लोकप्रिय गाणी म्हणजे दाताला चिकटणारी गोळी," डॉक्टर म्हणाले. "चघळायला गोड, आतून कीड." आणि तरीही त्यांच्या खुर्चीवरून उठलेला जो तो सुन्न ओठांनी एकच गाणं गुणगुणत बाहेर पडत होता. चंद्र, वचन आणि स्टेशनवर राहून गेलेली प्रेयसी, सगळं एकाच कडव्यात असलेलं ते गाणं.

संशय बाईंवर होता. बाहेरच्या काउंटरवर बसून नंबर द्यायचे आणि तबकड्या बदलायच्या, हे बाईंचं काम. त्याच मधूनच भलती तबकडी लावतात, असा डॉक्टरांचा ग्रह झाला होता. शनिवारपर्यंत छडा लागला नाही, तर बाईंची नोकरी जाणार होती.

"मला जॅझ आवडत नाही, हे खरंय," बाई म्हणाल्या. "तो ड्रमवाला एकटाच सुटतो ना, तेव्हा वाटतं, याला कोणीतरी घरी न्या. पण डॉक्टरांच्या दवाखान्यात मी डॉक्टरांचंच लावते." बोलताना त्यांचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं.

"रडते म्हणजे दोषी," दाजी माझ्या कानात म्हणाले. "नसती रडली, तर निर्ढावलेली."

तरी त्यांनी इतर शक्यता सोडल्या नाहीत. आधी शेजारच्या शिंप्याला धरलं. तो दिवसभर फक्त बातम्या ऐकतो आणि कापड वाया घालवतो, एवढं निष्पन्न झालं. मग ट्रम्पेट उलटा वाजवला की त्यातून हेच गाणं निघत असणार, असं दाजींना सुचलं. त्यांनी डॉक्टरांची सगळ्यात लाडकी तबकडी बोटाने उलटी फिरवली. करकर आवाज आला आणि डॉक्टर भिंतीला धरून खाली बसले.

शेवटी दाजी वेषांतर करून, म्हणजे मफलर गुंडाळून, स्वतःच पेशंट झाले. त्यांच्या दाढेत जुनी चांदी होती, ती बदलायचं निमित्त केलं. आत ते आणि डॉक्टर दोघंच. बाहेर बाकावर मी आणि ताई. तिलाही दात दाखवायचा होता. थोड्या वेळाने दाजी तोंडात बोळे घेऊन धावत आले.

"छडा लागला! गाणं माझ्या दाढेतून येतंय. चांदी रेडिओ पकडते. मशीन सुरू की गाणं सुरू, मशीन बंद की गाणं बंद."

डॉक्टरांनी खूप समजावलं, पण दाजींनी दाढ काढूनच घेतली. ती डबीत ठेवून आम्ही कान लावून बसलो. दाढ गप्प होती.

"सावध झालीये," दाजी म्हणाले.

मग ताईचा नंबर आला. आत मशीन घरघरलं आणि एकाएकी थांबलं. तोंडातला बोळा हातात घेऊन ताई बाहेर आली. तिच्यामागे डॉक्टर.

"अहो डॉक्टर, गाणं तुम्हीच म्हणताय."

"मी?"

"मशीन सुरू झालं की तुम्ही सुरू, अगदी मुखड्यापासून. त्या घरघरीत तुमचं तुम्हाला ऐकू येत नाही. आणि आम्ही आ वासून पडलेले, सांगणार कसं? नंतर जीभच जाग्यावर नसते."

बाकावरच्या सुजऱ्या गालाच्या आजोबांनी मान डोलावली. "मला वाटलं, आम्हाला धीर यावा म्हणून म्हणता."

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले.

"मी म्हणालो नव्हतो, मशीन सुरू की गाणं सुरू?" दाजींनी अर्ध्या तोंडाने विचारलं.

"दाढ घ्या आणि गप्प बसा," ताई म्हणाली.

डॉक्टर काउंटरपाशी गेले. "बाई, माझं चुकलं. उगाच तुमच्यावर आळ घेतला. सोडून जाऊ नका."

बाई फडक्याने तबकडी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "राहते. पण रोज दुपारी एक बाजू माझ्या गाण्यांची."

डॉक्टरांनी जॅझच्या कपाटाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

"एकच बाजू," ते हळूच म्हणाले. "आणि त्या गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी बासरी आहे ना, तिथे आवाज जरा वाढवा."